शेऱ्याचा रकाना

माझे उभे आयुष्य मोजण्यात गेले. नोटा मोजण्यात गेले असते तर हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली नसती. माझे गेले ते लाकडे मोजण्यात. आमच्या अहेरीपासून हाकेच्या अंतरावर आलापल्ली आहे, आणि आलापल्लीचा साग म्हणजे काय चीज आहे हे मी नव्याने सांगायला नको. त्या जंगलाचा एक तुकडा कुऱ्हाड न लावता जपून ठेवलेला आहे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ असे त्याचे भारदस्त नाव, आणि २०१४ साली राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून तो जाहीरही झाला. ज्या सागाच्या नशिबी ही ग्लोरी नव्हती तो तोडला जाऊन डेपोत येई, आणि तिथे त्याची गाठ माझ्याशी पडे. एका हातात टेप, दुसऱ्या हातात खडू आणि कानावर पेन्सिल, असा मी तीस वर्षे उभा होतो.

लाकूड मोजण्याची रीत मोठी गमतीची असते. नगाची मधली गोलाई घ्यायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे, की झाले घनमीटर. याला ‘क्वार्टर गर्थ’ म्हणतात. भूमिती नीट शिकलेला शाळकरी पोरगाही सांगेल की हा हिशेब साफ चूक आहे. गोल नगात खरोखर असते त्यापेक्षा साडेएकवीस टक्के लाकूड यात कमी भरते. पण ही चूक साहेबापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. साल जाते, भुसा जातो, जाऊ द्या म्हणतात. आणि सगळ्यांना ठाऊक असलेली, दर वेळी तेवढीच होणारी चूक म्हणजेच माप, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकलो.

दुसरी गोष्ट शिकायला मात्र दहा वर्षे लागली. रजिस्टरात अगदी शेवटी एक रकाना असे, त्याचे नाव ‘शेरा’. नवा कारकून तो कोरा ठेवतो. मुरलेला कारकून पान उघडल्यावर आधी तोच वाचतो. लांबी चार मीटर, गोलाई दीड मीटर, हे झाले आकडे. पुढे शेऱ्यात ‘पोकळ’ लिहिलेले असले की ते झाले लाकूड.

हे सारे पुराण लावण्याचे कारण म्हणजे आमचे चिरंजीव.

चिरंजीव पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. तिथे ते नेमके काय करतात हे मी आजवर चार वेळा विचारले आणि चारही वेळा समजल्यासारखी मान हलवली. गेल्या डिसेंबरात ते एकटेच आठ दिवसांची रजा काढून घरी आले. सूनबाईंना आणि नातवाला सुट्टी नव्हती. अहेरीला रेल्वे नाही. बल्लारशाला गाडीतून उतरायचे आणि गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असे करत एस.टी.ने हाडे खिळखिळी करून घ्यायची. त्या एस.टी.तून चिरंजीव उतरले ते पाठीवर जवळजवळ त्यांच्या छातीएवढ्या उंचीची पिशवी घेऊन. मागून कंडक्टर उतरला आणि मला म्हणाला, “साहेब, मासोळ्या धराच्या कांड्या होय का जी? आलापल्लीपासून विचारून राहिलो, हे नुसते हासते.”

घरी पिशवी उघडली. आतून एकेक करत काठ्या निघू लागल्या. सौ. कमरेवर हात ठेवून बघत होती.

“काहून रे, इतक्या काठ्या? कुत्र्याले हाकलाले एक पुरली असती न.”

“आई, हे गोल्फचे क्लब आहेत. जास्तीत जास्त चौदा चालतात.”

“आन् चेंडू?”

“चेंडू एकच.”

सौ. माझ्याकडे वळून म्हणाली, “याची दृष्ट काढते आज.”

गोल्फ हा खेळ मी तोपर्यंत फक्त चित्रात पाहिला होता. इंग्रजांनी तो आपल्याकडे आणला त्याला बराच काळ लोटला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. इंग्रज गेले आणि क्लब राहिले. पुण्याला गोल्फचे मैदान येरवड्यात आहे, आणि येरवडा म्हटले की आमच्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच दोन संस्था येतात, त्यामुळे ‘मुलगा येरवड्याला जातो’ असे सांगताना मी जरा जपून सांगतो. त्या पुण्याचाच उदयन माने २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकात गोल्फ खेळून आला, ही माहिती चिरंजिवांनी दिली तेव्हा कुठे सौ.ने दृष्ट काढण्याचा बेत रद्द केला.

पण चिरंजिवांचा जीव चौदा काठ्यांत नव्हता. तो होता एका डबीत. मोठ्या पाकिटाएवढी काळी डबी, तिला तीन पाय. ती चेंडूच्या मागे दोन-अडीच मीटरवर मांडायची आणि चेंडू मारायचा. डबीत रडार असते. दूर जाणाऱ्या एस.टी.चा भोंगा जसा बसका होत जातो, तशाच लहरींच्या फरकावरून ही डबी जाणाऱ्या चेंडूचा वेग ओळखते. तोफेच्या गोळ्यांचा माग काढणारी ही विद्या गोल्फच्या चेंडूला लावून डेन्मार्कात २००३ साली ट्रॅकमन नावाची कंपनी निघाली. तिची यंत्रे म्हणजे मोटारीच्या किमतीची. चिरंजिवांची डबी दुसरीकडची, गरिबाघरची होती. तिची किंमत त्यांनी आईच्या देखत सांगितली नाही, यावरून मी काय ते ओळखले.

“काय मोजते ही?” सौ.ने विचारले.

“सगळं, आई. काठीचा वेग, चेंडूचा वेग, सुटण्याचा कोन, फिरकी, किती उंच गेला, किती लांब पडला...”

“मंग घरी मागचा फोन केव्हा केला होता, तेही सांगते का?”

डबी गप्प राहिली. चिरंजीवही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या एका नातलगाच्या शेतात प्रयोग सुरू झाला. धान कापून झाले होते. एकापुढे एक बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, पलीकडे मोहाचे एक झाड आणि त्याच्याही पलीकडे प्राणहितेवरचे धुके. एका लाकडी खिळ्यावर चेंडू ठेवायचा. त्या खिळ्याला ‘टी’ म्हणतात आणि सगळ्यांत लांब काठीला ‘ड्रायव्हर’. त्यामुळे “आता टीवर ड्रायव्हर घेतो” हे वाक्य ऐकून कुणीतरी एस.टी. स्टँडच्या कँटीनची आठवण काढली. अर्ध्या तासात धुऱ्यावर पंधरा-वीस मंडळी जमली होती. बैल मध्येच थांबवून एक जण तिथेच उकिडवा बसला. अहेरीत माणूस कामाला उशीर करू शकतो, गंमतीला नाही.

चिरंजिवांनी काठी फिरवली. फाट्‌ असा आवाज झाला, चेंडू उडाला, मधेच त्याचे मन बदलले आणि तो उजवीकडे वळून दिसेनासा झाला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. चिरंजिवांनी मात्र चेंडूकडे पाहिलेच नाही. ते मोबाइल पाहत होते. आकडे उमटले होते, चांगले पंधरा रकाने. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुढचा चेंडू त्यांनी पाय रुंद करून मारला. पुन्हा मोबाइल, पुन्हा आठी. त्याच्या पुढचा हात आवळून, त्याच्या पुढचा गुडघा वाकवून. वीस चेंडू आणि वीस उपाय झाले. तापाच्या माणसाला दर पाच मिनिटांनी थर्मामीटर लावावा आणि दर वेळी डॉक्टर बदलावा, तसा तो प्रकार होता.

चेंडू आणून देण्याचे काम शेजारच्या एका पोराने आपणहून पत्करले होते. सहावीतला पोरगा. पहिले पाच-सहा चेंडू त्याने धावून धावून आणले. मग बघतो तर हा पठ्ठ्या चेंडू मारायच्या आधीच मोहाच्या उजव्या अंगाला, खोडाच्या आडोशाने जाऊन बसलेला.

“काहून रे, तिथं काहून बसला?”

“आजोबा, दादाचा चेंडू येथंच येते न. उगाच कोण धावते?”

मी डेपोत तीस वर्षे काढलेला माणूस. माझ्या मनात चर्र झाले. पंधरा रकान्यांचे यंत्र जे सांगू शकले नव्हते ते सहा चेंडूंत या पोराने शोधून काढले होते, आणि त्यावर आपले पायही वाचवले होते.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी म्हटले, “आण तुझे आकडे.” कपाटातून एक जुने लांबट रजिस्टर काढले, पट्टीने रकाने आखले आणि वीस चेंडू नगाप्रमाणे एकाखाली एक चढवले. चिरंजीव हसले. मोबाइलमध्ये हे सगळे आपोआप होते म्हणाले. आपोआप होते म्हणूनच दिसत नाही, असे मी म्हणणार होतो. पण मुलगा वर्षातून एकदा घरी येतो, म्हणून गिळले.

“आधी मला हे सांग, यातले मोजलेले आकडे कोणते आणि हिशेबाने काढलेले कोणते?”

हा प्रश्न त्यांना कंपनीत कुणी विचारला नसावा. त्यांनी पुस्तिका शोधली. चेंडूचा वेग आणि सुटण्याची दिशा डबी सरळ मोजते. बाकी बरेचसे त्यावरून बांधलेले अंदाज. अंतरसुद्धा पूर्ण बघितलेले नसते, चेंडू सुटला त्यावरून काढलेले असते. मग दुसऱ्या सकाळी मी माझी जुनी टेप घेऊन गेलो. चेंडू जिथे पहिल्यांदा टेकला तिथे मऊ मातीत खळगा पडतो. पोरगा खळगा दाखवी आणि मी बांबूची खुंटी ठोकी. दर वेळी डबीचा आकडा माझ्या टेपेपेक्षा चार-सहा यार्डांनी जास्त निघाला. चिरंजीव खट्टू झाले. मी मात्र खूश झालो. डबी खोटे बोलत नव्हती, आमच्या क्वार्टर गर्थसारखी ठरावीक बोलत होती. आजच्या आकड्याची उद्याच्या आकड्याशी तुलना करायला एवढे इमान पुरते. अमेरिकेच्या खेळाडूंशी तुलना करायची असेल तर मात्र आधी दोघांना एकाच टेपेने मोजा.

पुढची पायरी म्हणजे रकान्यांची वाटणी. मी रजिस्टरात मधोमध तांबडी रेघ मारली. डावीकडे माणूस काय करतो ते: काठी किती वेगाने आली, कोणत्या वाटेने आली, तिचे तोंड कुठे होते, ती वर चढत होती की खाली उतरत होती. उजवीकडे चेंडूचे काय झाले ते: वेग, कोन, फिरकी, उंची, अंतर. काठी आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या दोन-हजाराव्या भागाएवढी टिकते. त्यानंतर उजवीकडचे सगळे रकाने आपोआप भरतात आणि माणसाच्या हातात काही उरत नाही. चिरंजीव दिवसभर उजवीकडच्या शेवटच्या रकान्याकडे, म्हणजे अंतराकडे डोळे लावून बसत. लिलावात भाव वाढावा म्हणून भावाच्या रकान्याकडे टक लावणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. त्यांचे कुणाचे भले झालेले मला आठवत नाही.

डावीकडे पाहिले तर चोर तिथेच बसला होता. काठीची वाट सरासरी उणे सहा अंश, तोंड उणे एक. उणे म्हणजे डावीकडे. जुने गोल्फवाले सांगत की चेंडू काठीच्या वाटेने सुटतो आणि तोंडाच्या दिशेला वळतो. रडार आल्यावर कळले की प्रकार उलटा आहे. चेंडू सुटतो तो बराचसा तोंडाच्या दिशेने, ड्रायव्हरच्या बाबतीत तर जवळजवळ सगळाच. आणि वळतो तो तोंड आणि वाट यांच्यातल्या फरकामुळे. इथे फरक पाच अंशांचा. म्हणून चेंडू किंचित डावीकडे सुटे आणि मग उजवीकडे लांब वळसा घेऊन मोहाकडे जाई. आणि चेंडू उजवीकडे जातो म्हणून चिरंजीव दर वेळी काठी आणखी डावीकडे ओढत. त्याने फरक वाढे. चेंडू आणखी उजवीकडे.

सौ. शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, “संसारातबी असंच होते. एक जण इकडे ओढते म्हणून दुसरा तिकडे ओढते, आन् गाडी जाते नालीत.” हा शेरा कुणासाठी होता याची चौकशी मी केली नाही.

आणखी एक आकडा मला खुपत होता. चेंडूचा वेग भागिले काठीचा वेग, याला ते स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरने नीट मधोमध लागला तर तो दीडच्या आसपास येतो. चिरंजिवांची काठी ताशी ९३ मैलांनी फिरत होती आणि चेंडू निघत होता १२६ ने, म्हणजे १.३५. ट्रॅकमनने पूर्वी काढलेल्या सरासऱ्या त्यांच्या मोबाइलमध्ये होत्या. अमेरिकेतल्या पुरुष धंदेवाईकांची काठी ११३ मैलांनी फिरते आणि चेंडू २७५ यार्ड हवेतून जातो. चिरंजीव तेच पान उघडून उसासे टाकत. मी म्हटले, खालचे पान बघ. बायकांच्या स्पर्धेतली सरासरी होती: काठी ९४, चेंडू १४०, अंतर २१८. म्हणजे काठीचा वेग बहुतेक आपल्या चिरंजिवांएवढाच, आणि अंतर चाळीस यार्ड जास्त. दंड फुगवण्याची गरज नव्हती. वेग घरातच होता, वाटेत सांडत होता. लांब मारणे म्हणजेच गोल्फ असेही नाही. त्याच टोकियोत आपली अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले, आणि लांब मारणाऱ्यांत तिची गणती कुणीच करत नव्हते.

“चेंडू काठीच्या तोंडावर नेमका कुठे लागतो?” मी विचारले.

“ते ही डबी सांगत नाही, बाबा. कॅमेऱ्यावाली महागडी यंत्रं सांगतात.”

“मग तुझ्या आईची पावडर आण.”

काठीच्या तोंडाला टाल्कम पावडर फासली आणि चेंडू मारला. पावडरीत गोल ठसा उठला, दांड्याकडच्या टोकाला. पुसले, पुन्हा फासली, पुन्हा तिथेच. वीसपैकी तेरा तिथे. दांड्याकडे लागलेला चेंडू वेगही खातो आणि तोंडाला हिसका देऊन स्वतः उजवीकडे वळणारी फिरकीही घेतो. चिरंजीव चेंडूच्या फार जवळ उभे राहत होते. पावडरीचा डबा चाळीस रुपयांचा. डबीच्या किमतीचा विषय मी त्या वेळीही काढला नाही. हा संयम वयाने येतो.

आता उरला खुंट्यांचा हिशेब. वीस खुंट्या बांधीत उभ्या होत्या. मी आकडे चढत्या क्रमाने लिहिले आणि मधल्या दोघांवर बोट ठेवले. “हे तुझे अंतर. १७६.”

“छे! मी २१४ मारतो. परवाच मारला.”

“एकदा.”

“एकदा म्हणजे काय? मारू शकतो म्हणूनच मारला न? खरी ताकद तीच. बाकीचे चुकलेले.”

पुण्याला त्यांच्या मैदानावर एका ठिकाणी मध्ये तळे आहे. ते ओलांडायला दोनशे यार्ड लागतात. चिरंजीव २१४ वाले, म्हणून ते दर रविवारी छातीठोकपणे तळ्यावरून मारतात, आणि दर रविवारी एक चेंडू तळ्याला वाहतात.

मग माझ्यातला मोजणी कारकून जागा झाला. मी म्हटले, “बेटा, लिलावाच्या दिवशी थप्पीच्या वर एक देखणा नग ठेवलेला असतो. सरळसोट, बिनगाठीचा. नवखा ठेकेदार तो बघून बोली लावतो. जाणता ठेकेदार थप्पीमागे जाऊन मधले नग बघतो. वरचा नग खोटा नसतो. पण तो म्हणजे थप्पी नव्हे. थप्पी म्हणजे मधला नग, आणि त्याच्या आजूबाजूला बाकीचे किती पसरलेत ते. एका नगावरून जो माल ठरवतो तो बुडतो.”

बोलणे मला स्वतःलाच इतके पसंत पडले की मी दाद मिळण्याची वाट बघत थांबलो.

चिरंजीव एका खुंटीवरची माती बोटाने काढत होते. जरा वेळाने म्हणाले, “बाबा, मग १४७ चं काय?”

इथे वाचकांना सांगायला हवे. चिरंजिवांना दहावीला गणितात १५० पैकी १४७ गुण पडले होते. ती गुणपत्रिका मी डेपोच्या रजिस्टराच्या पुठ्ठ्यात ठेवत असे. साहेब आले की रजिस्टर उघडताना ती खाली पडे. मी ती पडू देत असे. ठेकेदारांना, तलाठ्यांना, लग्नात भेटलेल्या परक्या माणसांना मी १४७ सांगितले आहेत. त्याच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा, मुलगा एकतीस वर्षांचा असताना, मी १४७ सांगितले होते.

“तो एक चेंडू बरा बसला होता, बाबा,” चिरंजीव म्हणाले. “पेपरच तसा आला होता. बाकीचे तुम्ही कधी मोजलेच नाहीत. बारावी झाली, तर १४७ वाला असून असं कसं? नोकरी लागली, तर १४७ वाला असून एवढीच? या वर्षी माझी बढती हुकली. मी कळवलं नाही. म्हटलं, बाबांच्या रजिस्टरात बसायची नाही.”

माझ्या कानावरची पेन्सिल खाली पडली. ती उचलायला मी वाकलो, आणि लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ वाकून राहिलो. धुऱ्यावरचे लोक आता एव्हाना पांगले होते हे एक बरे झाले.

बापाने अशा वेळी काय बोलायचे असते हे मला ठाऊक नाही. आमच्या डेपोत तसा रकाना नव्हता. मी एवढेच म्हटले, “चल, चहा घेऊ. आणि मग बाकीचे सांग.”

त्या रात्री त्याने बाकीचे सांगितले. बारावीला तो नागपूरला खोली घेऊन राहायचा तेव्हा तीन महिने मलेरियाने लोळत होता, हे मला तेव्हा कळले. आईला ठाऊक होते; मला सांगायची मनाई होती. पहिल्या नोकरीत मंदी येऊन अर्धी माणसे काढली तेव्हा हा टिकला होता, हेही त्याच रात्री कळले. ज्याला मी पडझड समजत होतो तो टिकून राहण्याचा विक्रम होता. बढती का हुकली हे सांगताना तो दोनदा हसलासुद्धा. मी रजिस्टर पुढ्यात घेऊन बसलो होतो, सवय म्हणून. आकडा एकही लिहिला नाही. शेऱ्याचा रकाना मात्र पानभर झाला.

शेवटच्या सकाळी पुन्हा बांधीत गेलो. नियम मी घालून दिला: एका दिवसाला एकच उपाय. चेंडूपासून चार बोटे मागे उभे राहायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि वीस चेंडू होईपर्यंत मोबाइल माझ्या खिशात. प्रत्येक चेंडूनंतर यंत्राला विचारायच्या आधी स्वतः सांगायचे, काय करायचे ठरवले होते आणि कसा लागला. ‘दांड्याकडे’, ‘मधोमध’, ‘घाई झाली’, ‘आईने हाक मारली’. ते मी शेऱ्यात लिही.

बारा-तेरा चेंडू झाले असतील. बघतो तर पोरगा मोहाखालून उठला, चड्डी झटकली, आणि डावीकडे चालत येऊन बांधीच्या मधोमध पण बऱ्याच मागे, एका धुऱ्याआड जाऊन बसला.

मी चिरंजिवांना म्हटले, “सुधारला.”

“अजून आकडे कुठे पाहिले?”

“आकडे पाहू सावकाश. पोराने जागा बदलली.”

नंतर हिशेब केला. मधला नग १९१. सगळ्यांत लांब २११, म्हणजे विक्रम काही मोडला नाही, उलट तीन यार्डांनी कमीच. पण खुंट्या, ज्या आधी लग्नाच्या पंगतीसारख्या पसरल्या होत्या, त्या आता पुष्कळच जवळ जवळ होत्या.

निघण्यापूर्वी चिरंजिवांनी मलाही एक चेंडू मारायला लावला. धुऱ्यावर पुन्हा मंडळी जमली. मी धोतर खोचले, काठी उगारली, सगळ्या शक्तीनिशी हाणली. धूळ खाली बसल्यावर दिसले की चेंडू टीवर आहे तसाच आहे, टी मात्र जरा कलली आहे. डबीने काहीच दाखवले नाही. तिच्या मते काही घडलेच नव्हते. चिरंजिवांनी रजिस्टर ओढून घेतले आणि माझ्या नावापुढे शेरा लिहिला: ‘माल जुना, पण पोकळ नाही.’ त्या पानाची घडी मी त्या १४७ च्या गुणपत्रिकेच्या जागी ठेवली आहे. गुणपत्रिका कपाटात गेली.

आता दर रविवारी रात्री पुण्याहून फोन येतो. मागच्या रविवारी आवाजात जरा जोर होता.

“बाबा, १९४.”

“मधला की वरचा?”

“मधला.”

“आणि तळे?”

“तळ्याच्या बाजूने मारला. एक फटका जास्त लागला, पण चेंडू घरी आणला.”

मला राहवले नाही. तसाच उठून शेजारच्या तलाठ्यांकडे गेलो आणि त्यांना सांगितले, “पोराचे १९४ झाले.” त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “दीडशेपैकी?”